एकच तिकीट चार कुटुंबांना विकलं: डिगरलँडच्या दारात झालेली आमची फसवणूक

इंग्लंडमध्ये लहान मुलं घेऊन राहणाऱ्या, आणि उन्हाळ्यात आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना भारतातून बोलावणाऱ्या मराठी घरांसाठी हे लिहितेय. गेल्या ऑगस्टमध्ये आम्हाला 95 पौंडांना गंडा घातला गेला. रक्कम ऐकून लोक म्हणतात, "एवढंच ना, सोडून दे." पण हा सगळा धंदा चालतो तो या "सोडून दे"वरच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या पाच वर्षांच्या मुलाला यंत्रांचं वेड आहे. घराजवळच्या रस्त्याचं काम चालू असताना शाळेतून येताना अर्धा तास तिथे उभं राहावं लागायचं. त्यात माझे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कालव्यांच्या कामावर आयुष्य गेलं. जेसीबी वेगळा, पोकलेन वेगळा, टायरवाला कोणता, चेनवाला कोणता, हे त्यांनी सासवडहून व्हिडिओ कॉलवर नातवाला शिकवलेलं. ते इथे आल्यावर दोघांना डिगरलँडला न्यायचं हे आम्ही महिनाभर आधीच ठरवलं होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: खोदकामाची यंत्रं भाड्याने देणाऱ्या एका कंपनीने 2000 साली केंटमध्ये स्ट्रूडला हे पार्क सुरू केलं. आता इंग्लंडमध्ये केंट, डेव्हन, डरहॅम आणि यॉर्कशर अशा चार ठिकाणी ते आहे, अमेरिकेत न्यू जर्सीतही आहे. इथली यंत्रं खरी असतात. मुलं त्यात बसून स्वतः खटके ओढतात, माती उकरतात, शेजारी शिकवायला माणूस असतो. मोठी माणसंही यंत्रं चालवतात, त्यामुळे तिकीट सगळ्यांना लागतं. फक्त 90 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल फुकट जातं. म्हणजे धाकटी सोडून आमची पाच तिकिटं. पाच तिकिटांचा खर्च थोडाथोडका नसतो, आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, प्रत्येक आकड्याचे मनात रुपये करतात.

आमच्या भागातल्या आयांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. जुनी सायकल, लहान झालेला युनिफॉर्म, बाळाचा पाळणा, सगळं तिथेच मिळतं. दोन-तीन वर्षं मी त्यावर आहे आणि कधी वाईट अनुभव नव्हता. त्यावर एका बाईंची जाहिरात आली. मुलाला कांजिण्या झाल्यात, शनिवारची डिगरलँडची पाच तिकिटं वाया जातील, प्रत्येकी 19 पौंडांना देते. पार्कच्या दरापेक्षा बऱ्यापैकी स्वस्त, पण संशय यावा इतकी स्वस्त नाही. त्या जाहिरातीमागच्या भामट्याचं कसब इथे आहे. फुकटात द्यायला निघालेल्या माणसावर कुणीही शंका घेतं. कांजिण्या झालेल्या मुलाच्या आईवर कोण घेणार?

मी प्रोफाइल पाहिलं. बारा वर्षं जुनं, मुलांच्या वाढदिवसाचे फोटो, शाळेच्या जत्रेचे फोटो, ओळखीच्या दोघी-तिघी मैत्रिणींच्या यादीत. तिकिटं खरी आहेत याचा पुरावा मागितला, तर पार्ककडून आलेल्या ईमेलचा फोटो आला, ऑर्डर नंबर आणि तारखेसकट. पैसे कार्डने किंवा पेपॅलच्या, खरेदीला संरक्षण देणाऱ्या पर्यायाने देते म्हटलं, तर उत्तर आलं की तिचं पेपॅल बंद आहे, नवऱ्याच्या खात्यावर पाठवा. नाव, सॉर्ट कोड (इथला बँक-शाखेचा क्रमांक), खाते क्रमांक दिला. इथे पैसे पाठवताना बँकेचं ॲप नाव जुळतंय का ते तपासतं. नाव जुळलं, हिरवी खूण आली. दोन मिनिटांत पीडीएफ आली. आपण जे जे तपासायला सांगतो ते सगळं तपासून झालं होतं, आणि प्रत्येक तपासणीवर त्या माणसाने आधीच तोड काढून ठेवली होती.

शनिवारी सकाळी स्लाउहून निघालो. एम 25 वर नेहमीसारखी गर्दी. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, थालीपीठं आणि दही-चटणी बांधून घेतली होती, मुलगा वाटेतल्या प्रत्येक क्रेनचं नाव सांगत होता. स्ट्रूडला दाराशी पोचलो, रांगेत लागलो. आमचा नंबर आला. तिथल्या मुलीने कोड स्कॅन केला, यंत्राने दोनदा कडक आवाज केला आणि पडदा लाल झाला. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा लाल. तिकीट आज सकाळीच वापरलं गेलंय, असं तिने हळू आवाजात सांगितलं.

आम्हाला बाजूला उभं केलं, तर तिथे आणखी एक कुटुंब आधीच उभं होतं. पोलिश जोडपं, जुळ्या मुली. त्या बाईच्या हातात छापलेला कागद होता. मी वाकून पाहिलं आणि पोटात गोळा आला. तोच ऑर्डर नंबर. वरच्या बाजूला, विकत घेणाऱ्याचं नाव असतं तिथे, तशीच पांढरी पट्टी मारलेली. मला त्या पट्टीचं कारण "खासगी माहिती लपवलीय" असं सांगितलं होतं, तिलाही तेच. आम्ही बोलत असतानाच तिसरं कुटुंब आलं, त्यांच्या फोनवरही तीच पट्टी. म्हणजे तिकीट बनावट नव्हतंच. एक खरी ऑर्डर विकत घेतलेली, आणि तिची पीडीएफ निदान चार घरांना विकलेली. जे घर सगळ्यात आधी दाराशी पोचलं ते आत गेलं. त्यांना बिचाऱ्यांना आजही कळलं नसेल.

पार्कच्या लोकांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, मुलांशी बोलले, आमच्याकडचे कागद बघून घेतले. पण वापरलेल्या कोडवर ते कुणाला आत सोडू शकत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

मुलगा काहीच बोलत नव्हता. कुंपणापलीकडे पिवळं यंत्र हात वर करून फिरत होतं, तिकडे बघत आजोबांचं बोट धरून उभा होता. नवरा म्हणाला, सगळ्यांची नवी तिकिटं काढू. बाबा म्हणाले, मला नको, मी आयुष्यभर हेच पाहिलंय. शेवटी नवरा, मुलगा आणि बाबा, तिघांची तिकिटं काढली, बाबांना जवळजवळ ओढून आत पाठवलं. आई, धाकटी आणि मी गाडीत बसलो. सातासमुद्रापार नातवाबरोबर एक दिवस काढायला आलेली माझी सासू गाडीच्या मागच्या सीटवर डबा उघडून बसली, हे मला आजही सहन होत नाही. तो राग पैशांचा नाही.

गाडीतूनच मी 159 ला फोन लावला. हा नंबर मला माहीत होता याचं त्या दिवशी खूप बरं वाटलं, आणि तो तुमच्याही फोनमध्ये आत्ता साठवून ठेवा. 159 लावला की तुमच्या बँकेच्या फसवणूक विभागाशी जोडून देतात, इथल्या बहुतेक मोठ्या बँका त्यात आहेत. बँकेने तक्रार घेतली, ऑर्डर नंबर, संभाषणाचे फोटो, खाते क्रमांक मागितले. त्यामुळे संभाषण कधी पुसू नका. आम्ही दारात जमलेल्यांनी एकमेकांचे नंबर घेतले आणि सगळ्यांनी आपापल्या बँकेला तोच खाते क्रमांक कळवला. एकाच खात्याविरुद्ध अनेक ठिकाणांहून तक्रारी गेल्या की ते खातं गोठवलं जाण्याची शक्यता वाढते. पोलिसांच्या राष्ट्रीय फसवणूक केंद्रातही नोंद केली, तिथला संदर्भ क्रमांक पुढे बँकेला द्यायला उपयोगी पडला.

आता पैशांचं. 7 ऑक्टोबर 2024 पासून ब्रिटनमध्ये नियम आहे की फसवून स्वतःच्या हाताने बँक ट्रान्सफर करायला लावलं, तर बँकेने ग्राहकाला पैसे परत करायचे, 85,000 पौंडांपर्यंत. निम्मा भार तुमच्या बँकेने उचलायचा, निम्मा पैसे ज्या बँकेत गेले तिने. साधारण पाच कामकाजाच्या दिवसांत निकाल लावायचा, चौकशी लांबली तर जास्त वेळ घेता येतो. दावा 13 महिन्यांच्या आत करायचा. चांगला नियम आहे, आणि आपल्याकडच्या पुष्कळ जणांना तो माहीतच नसतो. पण त्यात एक भोक आहे. बँकेला प्रत्येक दाव्यातून 100 पौंडांपर्यंत रक्कम कापून घेता येते. आमचे गेले होते 95. आमच्या बँकेने दावा मान्य केला, फसवणूक झाल्याचं लेखी कबूल केलं, आणि हातावर शून्य ठेवलं. त्या पोलिश बाईंची बँक ही कपात करत नाही, तिला सगळे पैसे मिळाले.

प्रत्येकी 19 पौंड आणि पाच तिकिटं हा हिशोब योगायोगाने झाला असेल असं मला वाटत नाही. शंभराच्या आत राहिलं की पुष्कळांना काहीच परत मिळत नाही, आणि मग पाठपुरावाही कुणी करत नाही. म्हणून तुमची बँक ही कपात करते का, हे आजच विचारा. ज्यांची परिस्थिती नाजूक आहे, आजारपण, मोठं वय, नुकतंच घरात दुःख झालेलं, अशांना त्या कारणाने फसवणुकीपासून स्वतःला वाचवता आलं नसेल तर बँकेला ही कपात करता येत नाही. आई-वडिलांच्या खात्यातून पैसे गेले असतील तर हे बँकेला स्पष्ट सांगा. बँकेचा निकाल पटला नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या फायनान्शियल ओम्बड्समनकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

नंतर कळलेल्या दोन गोष्टी. ते बारा वर्षं जुनं प्रोफाइल खऱ्याच बाईंचं होतं, पण त्यांचं खाते भामट्याने बळकावलेलं. त्या स्वतः आठवडाभर आपल्याच खात्यात शिरायची धडपड करत होत्या. म्हणजे जुने फोटो आणि सामाईक मैत्रिणी यावरून काही सिद्ध होत नाही. आणि बँक ॲपची हिरवी खूण एवढंच सांगते की त्या खात्यावर ते नाव आहे. तो माणूस प्रामाणिक आहे असं ती सांगत नाही.

पैसे ज्या बँक खात्यावर जातात तेही बहुधा भाड्याचं असतं. इथे शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांना हे कुणीतरी कळवळून सांगायला हवं. "तुझ्या खात्यावर थोडे पैसे येतील, पुढे पाठव, तुला कमिशन मिळेल," असं सांगून विद्यार्थ्यांची खाती वापरली जातात. पुण्या-नाशिकहून कर्ज काढून आलेलं पोर, अर्धवेळ काम मिळत नसतं, ते भुलतं. पकडलं गेलं की फसवणुकीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिफास या संस्थेकडे नावावर नोंद होते, ती सहा वर्षं राहते, त्या काळात खातं, मोबाइलचं कंत्राट, कर्ज, सगळं अवघड होतं. मनी लाँडरिंगचा गुन्हा लागला तर कायद्यात 14 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमच्या ओळखीत असं कोणी नवीन आलेलं असेल तर त्याला जेवायला बोलावून हे नीट समजावून सांगा.

तिकिटांच्या बाबतीत आता आमच्या घरचा नियम ठरलाय. तारखेचं, कोडवालं तिकीट परक्या माणसाकडून घ्यायचं नाही, कितीही खरं दिसलं तरी, कारण तो कोड आणखी कुणाला विकलाय हे दारात उभं राहीपर्यंत कळायला मार्ग नाही. पार्कच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्यायचं, कार्डने पैसे द्यायचे, म्हणजे काही बिनसलं तर चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो. पेपॅलवर मित्र-नातेवाईक हा पर्याय वापरून खरेदी केली तर संरक्षण मिळत नाही. भारतात सुट्टीच्या दिवसांत वॉटर पार्कची तिकिटं विकताना हीच युक्ती सहज वापरता येते. तिथे असाल तर ताबडतोब 1930 वर फोन करा किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

सप्टेंबरात लीड्सच्या एका मैत्रिणीने मला एक फोटो पाठवला. तिच्या ग्रुपवर जाहिरात होती: मुलाला कांजिण्या, पाच तिकिटं, प्रत्येकी 19. पार्क मात्र यॉर्कशरचं, कॅसलफर्डचं, आणि नाव वेगळ्याच बाईंचं. पोस्टखालच्या कॉमेंट बंद होत्या, म्हणजे कुणाला तिथे सावध करायची सोयच नाही. तिने ॲडमिनला कळवलं आणि ग्रुपवर स्वतंत्र पोस्ट टाकली. तोवर एकीने पैसे पाठवले होते; तिने त्याच संध्याकाळी 159 ला फोन केला. अशी जाहिरात तुमच्या ग्रुपवर दिसली आणि कॉमेंट बंद असल्या तर तुम्हीही वेगळी पोस्ट टाका, मराठी मंडळाच्या ग्रुपवरही टाका, आणि जमलं तर ज्या बाईंच्या नावाने ती आलीय त्यांना फोन करून विचारा की खातं त्यांच्याच हातात आहे का.