आधी व्हिसा की आधी विमान? कॉन्सुलेटमधून अर्ज आणि तिकडे पोचून अर्ज, दोन्ही करून झालेल्याकडून

परदेशात चार-पाच वर्षं राहायला जायचं नक्की झालं की एक प्रश्न पडतोच, निघायच्या आधी कॉन्सुलेटमध्ये अर्ज करून लाँग-स्टे व्हिसा पासपोर्टवर चिकटवून घ्यायचा, का व्हिजिटर म्हणून आधी पोचायचं आणि तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात अर्ज टाकायचा. मी दोन्ही केलंय, दोन वेगळ्या देशांत, आणि दोन्ही वेळा डोकं धरून बसलोय, फक्त कारणं वेगळी होती.

पण त्याआधी हे बघा की तुम्हाला चॉइस आहे का. बऱ्याच जणांना नसतो आणि ते उगाच आठवडाभर फायदे-तोटे लिहीत बसतात. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून उतरलात तर तिथे बसून वर्क किंवा स्पाउस व्हिसावर जाता येत नाही, बाहेर पडा आणि बाहेरून अर्ज करा, विषय संपला. पोर्तुगालमध्ये आधी आत जायचं, काम धरायचं आणि मग कागद करायचे असा एक रस्ता बरीच वर्षं चालू होता, तो जून २०२४ मध्ये बंद केला, आता कॉन्सुलेटमधून रेसिडेन्स व्हिसा घेऊनच जायचं. जर्मनीत पासपोर्ट कुठला त्यावर ठरतं, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, दक्षिण कोरिया, इस्रायल, ब्रिटन यांचे नागरिक बिनव्हिसा उतरून तिथे परमिट मागू शकतात, बाकी बहुतेकांनी आधी नॅशनल डी व्हिसा, म्हणजे ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचा व्हिसा, घ्यायचा.

मग चॉइस खरोखर कुठे असतो? स्पेन हे चांगलं उदाहरण. रिमोट काम करणाऱ्यांसाठी त्यांचा जो परवाना आहे, तो कॉन्सुलेटमधून घेतला तर जास्तीत जास्त १ वर्षाचा व्हिसा मिळतो, आणि तुम्ही स्पेनमध्ये कायदेशीर स्टेवर असताना तिथूनच अर्ज केला तर ३ वर्षांपर्यंतचा परवाना मिळू शकतो. शिवाय तिथल्या अर्जावर २० कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजूर धरतात. असं असताना कोण कॉन्सुलेटच्या स्लॉटसाठी रात्री बारा वाजता पेज रिफ्रेश करत बसेल. अमेरिकेतही ग्रीन कार्डासाठी दोन रस्ते आहेत, बाहेर असाल तर कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यू, आत असाल तर अ‍ॅडजस्टमेंट ऑफ स्टेटस, म्हणजे देशात राहूनच दर्जा बदलून घेणं. पण इथे एक मोठी खोच आहे, मनात कायमचं राहायचं ठरवून टुरिस्ट व्हिसावर यायचं आणि एअरपोर्टवरच्या ऑफिसरला फिरायला आलोय म्हणून सांगायचं, हे खोटी माहिती देणं धरलं जाऊ शकतं आणि त्याचा डाग कायमचा असतो. 'सगळे असंच करतात' हे सांगणाऱ्या मित्राचं ऐकू नका, तो ऑफिसरसमोर तुमच्याबरोबर उभा राहणार नाहीये.

आता माझं. पहिल्यांदा मी आत जाऊन अर्ज केला. अर्ज दिल्यावर एक पोचपावती मिळाली, साध्या कागदावर प्रिंट, वर शिक्का, खाली फाईल नंबर, आणि पुढचे साडेसहा महिने माझं सगळं आयुष्य त्या कागदावर. बँकेत खातं उघडायला गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी पावती हातात घेतली, उलटी केली, मागे काहीच नाही म्हणून परत सुलटी केली, आणि कार्ड आलं की या म्हणाल्या. खातं नाही म्हणून भाडेकरार नाही, भाडेकरार नाही म्हणून पत्ता नोंदवता येईना, आणि पत्ता नोंदवल्याशिवाय फाईल पुढे सरकेना. शेवटी एका ओळखीच्याने त्याच्या घरी पत्ता लावू दिला म्हणून सुटलो. काम करायची परवानगीसुद्धा नव्हती, म्हणजे साठवलेल्या पैशावर बसून महागड्या देशात वाट बघणं. आणि बाहेर पडायची सोय नाही. हे माझ्याच बाबतीत झालं असं नाही, अमेरिकेतल्या अ‍ॅडजस्टमेंटमध्येही अ‍ॅडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी) न घेता देशाबाहेर गेलात तर बहुतेकांचा अर्ज सोडून दिला असं धरतात, एच आणि एल या नोकरीच्या व्हिसावाल्यांना तेवढी सूट आहे. घरी कोणी आजारी असेल, म्हातारे आईवडील असतील, तर हा एकच मुद्दा सगळं ठरवायला पुरे आहे.

दुसऱ्यांदा म्हणून शहाणपणा करून कॉन्सुलेटचा रस्ता धरला. इथे वाट बघणं आपल्याच घरी, पगार चालू, पलंग आपला, त्यामुळे तीन महिने लागले तरी तेवढा त्रास होत नाही. त्रास वेगळ्या जागी होतो. मी कागद अगदी नीट पिना मारून, चिकटपट्ट्या लावून, अनुक्रमणिका करून नेले होते, खिडकीतल्या माणसाने एक शब्द न बोलता ड्रॉवरमधून पिना काढायचं ते चिमट्यासारखं काढलं आणि एकेक पिन उपटून पेपरवेटशेजारी ढीग केला. मग जन्मदाखला बघितला. दाखल्यावर अपोस्टिल (कागद खरा आहे असं सांगणारा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का) होतं, दाखल्याचं सर्टिफाईड भाषांतर होतं, पण अपोस्टिलच्या पानाचं भाषांतर नव्हतं, कारण मी आधी भाषांतर करून मग अपोस्टिल घेतलं होतं. क्रम उलटा. एवढ्यावर फाईल परत, पुढचा स्लॉट ५ आठवड्यांनी. तिकडे आत अर्ज केला असता तर हेच पान मागाहून आणून द्या म्हणून सांगितलं असतं, निदान माझा पहिला अनुभव तसा होता, तीनदा कागद मागवले आणि तीनही वेळा पोस्टाने पाठवून चाललं. उलट जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पोलीस क्लिअरन्स हे सगळं मूळ देशातूनच निघतं, परदेशात बसून ते काढायचं म्हणजे भावाला नाहीतर मावशीला ऑफिसांच्या खेपा घालायला लावणं आणि कुरियरवर जीव टांगून ठेवणं. म्हणून तिकडे जाऊन अर्ज करणार असलात तरी हे तीन कागद अपोस्टिल करूनच बॅगेत टाका, दोन-दोन प्रती. फक्त पोलीस क्लिअरन्स फार आधी काढू नका, बऱ्याच ठिकाणी तो ठराविक महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. आणि कागद देणारा आणि घेणारा यांपैकी एखादा देश अपोस्टिलच्या १९६१ च्या हेग करारात नसेल तर वेगळंच लफडं, वकिलातीकडून अटेस्टेशन करून घ्यावं लागतं, त्याला दोन-तीन खिडक्या जास्तीच्या धरा.

आता नकार आला तर काय, हे लोक सगळ्यात कमी विचारात घेतात आणि माझ्या मते निर्णय इथेच व्हायला पाहिजे. कॉन्सुलेटने नाही म्हटलं तर तुम्ही घरी आहात, नोकरी सोडली नसेल तर फारसं काही गेलं नाही. पण दाद मागायला जागा कमी. अमेरिकेत कॉन्सुलर ऑफिसरच्या नकाराविरुद्ध कोर्ट सहसा ऐकूनच घेत नाही, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुन्योझ खटल्यात ते परत पक्कं केलं, तिथे तर अर्जदाराची बायको अमेरिकन नागरिक होती तरी उपयोग झाला नाही. जर्मन कॉन्सुलेटच्या नकारावर त्याच ऑफिसकडे फेरविचार मागायची सोय होती, तीही १ जुलै २०२५ पासून बंद केली, आता नवा अर्ज नाहीतर बर्लिनचं प्रशासकीय कोर्ट. आत असताना नकार आला तर बऱ्याच देशांत अपील, वकील, सुनावणी असं काहीतरी हातात असतं, पण घड्याळ तुमच्याविरुद्ध फिरतं. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस ही मर्यादा, ती संपली आणि हातात काही नसलं की तुम्ही ओव्हरस्टेवाले. अमेरिकेत १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदेशीर राहून बाहेर पडलात तर ३ वर्षं बंदी, १ वर्ष किंवा जास्त झालं तर १० वर्षं. म्हणजे बघा, बाहेरचा नकार हा बंद दरवाजा आहे आणि आतला नकार म्हणजे सामानासकट जिन्यात उभं राहणं.

पैशाचं फार लिहीत नाही, फी दर थोड्या दिवसांनी बदलतात. आत जाऊन करण्यात अर्जाची फी कमी दिसली तरी वाट बघायच्या महिन्यांचं भाडं, इन्शुरन्स आणि बुडालेला पगार धरा, मग स्वस्त काय ते कळेल. आणि ते अर्ज गोळा करणारे सेंटर असतात ना, ते फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेतात, व्हिसा द्यायचा का नाही हे कॉन्सुलेटच ठरवतं, त्यामुळे तिथल्या 'प्रीमियम लाउंज'ला पैसे दिले म्हणून व्हिसा लवकर येत नाही, खुर्ची मऊ मिळते एवढंच.

कॉन्सुलेटचा व्हिसा घेऊन गेलात तरी उतरल्यावर काम संपत नाही हेही लक्षात ठेवा. फ्रान्सचा लाँग-स्टे व्हिसा ३ महिन्यांच्या आत ऑनलाईन व्हॅलिडेट करायचा. इटलीत ८ कामाच्या दिवसांत परमिटचा अर्ज टाकायचा. पोर्तुगालचा रेसिडेन्स व्हिसा ४ महिन्यांचा आणि दोनदा प्रवेशाचा, पुढचं कार्ड तिकडेच काढायचं, म्हणजे रांग तुम्हाला दोन्हीकडे आहेच. याबाबतीत जपानचं मला आवडतं, सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी (तुम्ही पात्र आहात असा जपानच्या इमिग्रेशनचा दाखला) आधी, मग कॉन्सुलेटचा व्हिसा, आणि मोठ्या एअरपोर्टवर उतरल्या उतरल्या रेसिडेन्स कार्ड हातात, फक्त राहायची जागा ठरली की १४ दिवसांत पत्ता नोंदवायचा. ते सर्टिफिकेट मात्र ३ महिनेच चालतं, मिळाल्यावर घरचे समारंभ उरकत बसू नका.

माझं सरळ मत सांगायचं तर मुलं बरोबर असतील, नोकरी चालू असेल, नाहीतर मध्येच घरी परतायची वेळ येऊ शकत असेल, तर कॉन्सुलेट, कितीही स्लॉट शोधावे लागले तरी. एकटे असाल, सहा-आठ महिन्यांचे पैसे बाजूला असतील, नियमात आत बसून अर्ज करायची परवानगी स्पष्ट लिहिलेली असेल आणि वर स्पेनसारखी जास्त वर्षांची लालूच असेल, तर तिकडे जा, पण पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका. ८० व्या दिवशी भाषांतर करणारा शोधत फिरणारे दोघं मला त्या ऑफिसच्या रांगेत भेटले होते, एकाच्या हातात विमानाचं तिकीट होतं, परतीचं, आणि तो ते सारखं घडी घालून खिशात ठेवत होता आणि परत काढत होता.