पुरुष वंध्यत्वावरच्या अँटिऑक्सिडंट पुड्या: पाचपैकी दोन तारे

गोव्यात म्हापशापासून काणकोणपर्यंत फार्मसीत मिळणाऱ्या या पुड्यांचा ब्रँड बदलतो, आतला माल थोड्याफार फरकाने तोच: एल-कार्निटीन, को-क्यू-१०, झिंक, सेलेनियम, लायकोपीन, क आणि ई जीवनसत्त्व.

आधी पॅकिंग. कार्निटीन हवेतला ओलावा भराभर ओढतं. आपल्याकडच्या जून-जुलैत मोठा डबा उघडला की भुकटीचा चिकट गोळा झालाच समजा. सीलबंद एकेरी पुड्या किंवा स्ट्रिपमधल्या गोळ्या घ्या.

अँटिऑक्सिडंट शुक्राणूला ऑक्सिडेशनपासून, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणाऱ्या झिजेपासून, वाचवतात ही कल्पना तशी खोटी नाही. शुक्राणूच्या आवरणात पटकन झिजणारी असंतृप्त स्निग्धाम्लं भरपूर, बचावाची द्रव्यं ज्यात असतात तो पेशीद्रव मात्र नावापुरता. त्यामुळे ऑक्सिडेशनपासून बचाव तोकडा. पण २०२० मध्ये अमेरिकेतल्या दोन चाचण्यांनी यातली बरीच हवा काढली. मॉक्सी चाचणीत जवळपास हीच यादी होती, फॉलिक ॲसिडसकट. तीन महिन्यांनी काउंट (शुक्राणूंची संख्या), हालचाल, शुक्राणूतला डीएनए, कशातच सुधारणा दिसली नाही. दुसऱ्या चाचणीत २,३७० जोडपी होती. पुरुषांना रोज ५ मिग्रॅ फॉलिक ॲसिड आणि ३० मिग्रॅ झिंक दिलं. मुलं होण्याचं प्रमाण वाढलं नाही, उलट डीएनए तुटण्याचं थोडं वाढलं, पोटाच्या तक्रारीही. डब्यावर बारीक अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही' असं असतं, ते उगाच नव्हे.

तरी घ्यायचीच असेल तर जेवणावर घ्या. रिकाम्या पोटी झिंकने मळमळतं. डॉक्सीसायक्लिन किंवा सिप्रो ही अँटिबायोटिक चालू असेल तर काही तासांचं अंतर ठेवा, झिंक त्यांना बांधून ठेवतं. सोबत मल्टिव्हिटॅमिनही असेल तर बेरीज करा: दिवसाला झिंक ४० मिग्रॅ आणि सेलेनियम ४०० मायक्रोग्रॅमच्या वर नको. लेबलवरचा आकडा एका पुडीचा की दिवसाच्या दोन पुड्यांचा, तेही बघा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून महिन्याभरात निकाल मागू नये.

बांगड्याच्या हुमणातून (रश्शातून) सेलेनियम मिळतं, कालवांतून झिंक, पेरूतून क जीवनसत्त्व. टोमॅटो तेलात शिजवला की लायकोपीन जास्त अंगी लागतं. बाजारात याला पुडीहून कमीच पैसे पडतात.

पहिला खर्च वीर्यतपासणीवर करा: आधी २ ते ७ दिवस वीर्यपात नको, नमुना तासाभरात लॅबमध्ये, निकाल कमी आला तर तपासणी पुन्हा. व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोशातल्या फुगलेल्या शिरा, असेल तर पुडी त्याला हात लावत नाही. आणि जिममधलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन चालू असेल तर काउंट शून्यावरही येतो, पुडी कितीही महाग असो.