पॅट्रिशियन ३ की पोर्ट रॉयल ४?

धाकट्या भावानं विचारलं, जहाजी व्यापाराचा गेम शिकायचा तर सुरुवात कशानं करू?

नागपूरपासून समुद्र लांब, पण कळमना बाजार जवळ आहे. संत्र्याच्या गाड्या एकदम लागल्या की भाव उतरतो. पॅट्रिशियन ३ चा जीव यातच आहे. हान्सा, म्हणजे मध्ययुगातल्या उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांचा संघ, त्याच्या व्यापाऱ्यांचा तो काळ; जर्मनीतल्या ल्युबेकच्या बंदरात बिअरची पिंपं विकायला काढा, विकाल तसा भाव डोळ्यांदेखत खाली येतो. म्हणून सगळा माल एकाच गावात ओतू नका. थोडा विका, बाकीचा पुढच्या बंदरात न्या. आणि हातातले सगळे पैसे घालून दुसरं जहाज घेऊ नका, खलाशांचा पगार चुकत नाही. मी पहिल्यांदा नेमकं हेच केलं आणि माल भरायलाच पैसे उरले नाहीत.

पोर्ट रॉयल ४ (२०२०) कॅरिबियनमधला. दिसायला देखणा, वाऱ्याची दिशा सांभाळावी लागते, लढाई आळीपाळीनं चालते. व्यापाराचे मार्ग आखून दिले की ताफा आपला आपण फिरतो. सोय मोठी, पण नवख्याला भाव का हलला ते कळतच नाही.

भावाला मी पॅट्रिशियनच लावून दिला.