दाबलेल्या हवेवर घरातले दिवे: सात महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीजवळच्या आमच्या घराला लागूनच माझे लहानसे लेथचे वर्कशॉप आहे. इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग निकामी झाल्यावर, छतावरच्या सौरपॅनेलची दुपारी उरणारी वीज हवेच्या रूपाने साठवून रात्री वापरता येईल का, हे स्वतः करून पाहायचे ठरवले. 2 एचपीचा कॉम्प्रेसर आणि 200 लिटरची टाकी वर्कशॉपमध्ये होतीच. तिला रेग्युलेटर, छोटी एअर मोटर (हवेच्या दाबाने फिरणारी) आणि 12 व्होल्टचा डायनॅमो जोडला आणि जूनपासून डिसेंबरपर्यंत ही जोडणी जवळजवळ रोज वापरली.

टाकी 10 किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाबापर्यंत भरायला साधारण 17 मिनिटे लागतात आणि तेवढ्यात सबमीटरवर जवळपास अर्धे युनिट पडते. त्या हवेवर 9 वॅटचे दोन एलईडी दिवे पाऊण तास चालतात. म्हणजे 500 वॅट-तास घातले, तर परत मिळतात जेमतेम 14. गळती असेल असे वाटून प्रत्येक सांधा साबणाच्या पाण्याने तपासला, दोन सांधे नव्याने बसवले, तरी पाचच मिनिटे वाढली. मग कागदावर हिशेब मांडला, आणि तो मी आधीच मांडायला हवा होता: 200 लिटर टाकीत 10 किलो दाबाला, विस्तारताना हवेचे तापमान जराही उतरणार नाही असे धरले तरी, सुमारे 90 वॅट-तासांहून अधिक काम मिळूच शकत नाही. 150 अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीत 1,800 वॅट-तास मावतात.

उरलेली बरीचशी वीज उष्णता होऊन जाते. भरताना कॉम्प्रेसरचे हेड हात लावू देत नाही, आणि ती ऊब संध्याकाळपर्यंत खोलीत विरून गेलेली असते. उलट सोडताना हवा इतकी गार होते की ऑगस्टच्या दमट दिवसांत एअर मोटरच्या तोंडाशी बर्फ धरायचा आणि दिवे मंदावायचे. पावसाळ्यात ड्रेन कॉकमधून रोज पळीभर पाणी निघे. ते काढले नाही तर टाकी आतून गंजते. सायलेन्सर बसवूनही आवाज उरलाच, त्यामुळे शेजारच्या खोलीत आई झोपली की मी मोटर बंद करत असे.

जर्मनीतील हुंटॉर्फ येथे 1978 मध्ये याच तत्त्वावर 290 मेगावॅटचे केंद्र उभे राहिले. तिथे मात्र हवा जमिनीखालच्या मिठाच्या पोकळ्यांत, सुमारे 3 लाख घनमीटर जागेत भरतात आणि बाहेर काढताना नैसर्गिक वायू जाळून तापवतात. घरच्या टाकीकडून तशी अपेक्षा ठेवू नये.

कोणी करून पाहणारच असेल, तर जुन्या गॅस सिलिंडरला वेल्डिंग करून टाकी बनवण्याचा विचारही करू नये. दाबासाठीच बनवलेली, पाण्याच्या दाबाने तपासलेली टाकी घ्यावी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दर महिन्याला ओढून पाहावा.

टाकीची साठवणक्षमता सात महिन्यांत तसूभरही घटली नाही, हे मात्र आवर्जून नोंदवतो. हवा हवा म्हणूनच वापरली, तर तिचा उपयोगही होतो. वीज गेली असताना लेथवरचा कीस एअरगनने उडवणे, मोटारसायकलच्या चाकात हवा भरणे ही कामे भरलेल्या टाकीवर निर्वेध होतात. डायनॅमो आता काढून ठेवला आहे. दिव्यांसाठी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतली, आणि टाकी मी अजूनही दुपारच्या उन्हावरच भरतो.