राजीनामा टाकलाय, पुढं काय? पाच वाटा एकमेकींशेजारी ठेवून

माझा मामेभाऊ पंचवीस वर्षांचा आहे. हिंजवडीत सपोर्टच्या नोकरीत तीन वर्षं काढून त्यानं गेल्या महिन्यात राजीनामा टाकला. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड चालू आहे. घरी पलूसला अजून सांगितलेलं नाही. मला विचारायचं कारण एवढंच, की २०२२ मध्ये मीही हेच केलं होतं आणि फार बावळटपणे केलं होतं.

त्याच्यासमोर पाच वाटा आहेत: दुसरी नोकरी, स्पर्धा परीक्षा, पुन्हा शिक्षण, एखादी फेलोशिप (म्हणजे ठरावीक काळ मानधनावर काम), नाहीतर गावाकडं शेती-धंदा. आपल्याकडं या वाटा पगार आणि मान यांच्यावर तोलल्या जातात. मी त्या तीन प्रश्नांवर तोलून बघितल्या. महिन्याला खिशातून किती जातात? वाट चुकली हे कळायला किती दिवस लागतात? आणि चुकलीच तर हातात काय उरतं? यातला मधला प्रश्न कुणी विचारत नाही. मीही विचारला नव्हता, आणि त्यापायी चौदा महिने गेले.

महिन्याचा हिशोब

राजीनामा दिला तेव्हा माझ्याकडं दोन लाख दहा हजार होते. स्पर्धा परीक्षेची तयारी करत पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं घेऊन, राहायचो. कॉटचे चार हजार, मेसचे तीन, अभ्यासिकेचे बाराशे, वर चहा-झेरॉक्स-रिचार्ज. काटकसरीनं नऊ हजारांत महिना बसायचा. महिन्याचे चार खाडे मेसवाले काका धरायचे, त्यावरही आमचे वाद व्हायचे. क्लास लावला असता तर सगळं गणित पहिल्याच महिन्यात कोसळलं असतं. मी फक्त टेस्ट सिरीज घेतली.

दुसरी नोकरी शोधताना खर्च हाच, फक्त तो तीन-चार महिन्यांत थांबण्याची शक्यता जास्त. शिक्षणाचा खर्च सगळ्यात मोठा, पण तो कर्जातून भागतो. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत आणि हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो. म्हणून ते सोपं वाटतं. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असतं.

फेलोशिपमध्ये उलट दरमहा मानधन हातात येतं. मुख्यमंत्री फेलोशिप बारा महिन्यांची, साठ जागा. वय २१ ते २६, पदवीला किमान ६० टक्के आणि एक वर्षाचा पूर्णवेळ कामाचा अनुभव लागतो. नोकरी केलेल्या पोराला हा अनुभव आयताच मिळालेला असतो, पण वयाची खिडकी लवकर बंद होते. एसबीआय युथ फॉर इंडिया तेरा महिन्यांची आहे, २१ ते ३२ वयाच्या पदवीधरांना खेड्यात काम करायला पाठवते. टीच फॉर इंडियाची, शाळेत शिकवायची, दोन वर्षांची आहे, ती २००९ मध्ये मुंबई-पुण्यातूनच सुरू झाली. मानधनातून बचत होईल अशी आशा धरू नका. पण साठवलेल्या पैशाला हात लागत नाही, हे काही थोडं नाही.

गावाकडं राहायला-खायला काही पडत नाही, असं सगळे म्हणतात. खर्च तिथं महिन्याचा नसतो, एकरकमी असतो. शेड, बोअर, मोटर. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं, ग्रामीण भागात जास्त. पण ते हातात पडत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकवून ठेवतात आणि धंदा चालू राहिला तरच कर्जात वळतं होतं. अनुदान मिळणार म्हणून शेड बांधायला निघालेल्यांना हे फार उशिरा कळतं.

चुकलं, हे कधी कळतं?

नवी नोकरी जमणार की नाही हे दोन-तीन महिन्यांत कळतं. खरं तर पहिल्या आठवड्यातच कळतं, आपण कबूल उशिरा करतो.

स्पर्धा परीक्षेत ते कळतच नाही. खुल्या गटाला राज्यसेवेसाठी वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३. ही सवलत वाटते. पंचविशीतल्या पोराच्या हातात मात्र ती तेरा वर्षांची दोरी असते. त्यात परीक्षेच्या तारखा आपल्या हातात नाहीत. २०२४ ची राज्यसेवा पूर्व परीक्षा २८ एप्रिलला होणार होती. आधी आरक्षणाच्या नव्या तरतुदीमुळं पुढं गेली. मग २५ ऑगस्टची तारीख आयबीपीएसच्या बँक भरतीच्या परीक्षेशी एकाच दिवशी आली, कृषी सेवेच्या जागा याच परीक्षेत घ्या अशीही मागणी होती, पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली. शेवटी १ डिसेंबरला परीक्षा झाली. माझा जुना रूम पार्टनर तेव्हाही त्याच कॉटवर होता. सात महिने गुणिले नऊ हजार. आणि एवढं करून ती फक्त पूर्व. मुख्य, मुलाखत, निकाल, नेमणूक पुढंच.

पूर्वमध्ये नापास झालात तर त्यातून तुमच्याबद्दल फारसं काही समजत नाही, ही त्यातली खरी गोम आहे. दोन गुणांनी कट-ऑफ हुकला तर वाटतं पुढच्या वेळी नक्की. वीस गुणांनी हुकला तर वाटतं यंदा अभ्यासच नीट झाला नव्हता. दोन्हींतून उत्तर एकच निघतं: अजून एक अटेम्प्ट. तलाठी भरती सोपी म्हणून तिकडं वळावं, तर २०२३ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांवर अर्ज आले होते. खुल्या गटाची फी हजार रुपये.

शेतीत प्रत्येक गोष्टीचं घड्याळ वेगळं असतं. आडसाली ऊस लावला तर सोळा-अठरा महिने पैशाचं तोंड दिसत नाही. ब्रॉयलरची बॅच चाळीस-पंचेचाळीस दिवसांत निघते. करारावर कंपनी पिल्लं, खाद्य, औषध देते, आपलं शेड आणि कष्ट, पैसे किलोमागं. म्हणजे दीड महिन्यात कळतं की हे आपल्याला झेपतंय का. पण त्यासाठी आधी शेड उभं लागतं, आणि शेडचं दुसरं काही होत नाही. उत्तर दीड महिन्यात मिळतं, पण ते मिळवायची फी काही लाख रुपये! दुसऱ्याच्या शेडवर राहून ती वाचवता येते. तरी फार थोडे लोक तसं करतात, कारण शिकलेल्या पोरानं दुसऱ्याच्या शेडवर राबायचं म्हणजे गावात चर्चा होते.

शिक्षणाचं थोडक्यात सांगतो. एमबीए कशासाठी, याचं उत्तर ‘ब्रेक हवाय’ असं असेल तर तो जगातला सगळ्यात महाग ब्रेक आहे.

काय उरतं?

इथं मला माझं मत थोडं बदलावं लागलं. स्पर्धा परीक्षेतून काहीच उरत नाही असं मी बरेच दिवस म्हणायचो. राज्यघटना, भूगोल, अर्थसंकल्प वाचायची सवय हे उरतंच, पण बायोडेटात ते कुठं लिहिणार? २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, १,७५० गुणांची. २०२३ च्या सुरुवातीला हा बदल पुढं ढकला म्हणून पुण्यात आंदोलन झालं तेव्हा मीही त्या गर्दीत होतो, घोषणा देत. आता वाटतं, निबंध आणि उत्तरं लिहून लिहून माणसाला निदान नीट मांडता तरी येईल, आणि तोच अभ्यास यूपीएससीलाही बराचसा चालेल. पर्यायांचे गोल भरण्यापेक्षा हे बरं.

फेलोशिपमधून ओळखी उरतात. कलेक्टर ऑफिसमध्ये फाईल कशी हलते, झेडपीच्या शाळेत पंधरा ऑगस्टला किती खटपट असते, हे बघितलेला माणूस नंतर कुठंही उभा राहू शकतो. दिशाच सापडत नसेल तर गडचिरोलीच्या शोधग्रामात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं २००६ पासून चालवलेला ‘निर्माण’ उपक्रम आहे. त्याची शिबिरं नोकरी देत नाहीत, पण आपला प्रश्न घेऊन समवयस्कांमध्ये बसायला मिळतं. हिंजवडीत दीड तासाच्या ट्रॅफिकमध्ये तो प्रश्न सुचतही नाही.

नोकरीतून उरतात ती कागदपत्रं. ऐकायला कोरडं वाटेल, पण रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र), फॉर्म सोळा (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आणि पीएफ. माझ्या कंपनीनं रिलीव्हिंग लेटरला चार महिने लावले, मीही भांडलो नाही. पुढं नोकरी लागताना तेच आडवं आलं. पीएफ लगेच काढू नका. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर त्यावर कर लागतो. नव्या नोकरीत तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, देऊन रक्कम वळती करता येते. आणि कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबरच संपतो. त्या यादीत आई-वडील असतील तर त्यांची सोय आधी.

घरी काय सांगायचं?

‘तयारी करतोय’ हे मराठी घरातलं परिपूर्ण उत्तर आहे. पुढं कुणी काही विचारत नाही. ‘फेलोशिप करतोय’ म्हटलं की पाच मिनिटं समजावून सांगावं लागतं आणि शेवटी काका विचारतात, ‘म्हणजे पर्मनंट नाही ना?’ मी परीक्षेच्या वाटेनं गेलो त्यात अधिकारी व्हायची इच्छा किती आणि हे उत्तर मिळवायची घाई किती, हे आजही नीट सांगता येत नाही. माझ्या अभ्यासिकेतल्या कितीतरी मुलींचा हिशोब तर आणखी वेगळा होता. पुस्तक मिटलं की घरी स्थळं बघायला सुरुवात, म्हणून ‘तयारी’ हाच पुण्यात राहायचा परवाना. त्यांना हा लेख वाचून परीक्षा सोडा असं मी सांगणार नाही.

मामेभावाला काय सांगितलं

आधी एक विचारलं: तीन वर्षांतला कुठला तास जड गेला नाही? माझ्या बाबतीत तो होता फोनवर एखाद्या गोंधळलेल्या माणसाला स्क्रीनवर कुठं क्लिक करायचं ते सांगण्याचा. हे कळायला अभ्यासिकेतले चौदा महिने लागले. आता मी सांगली जिल्ह्यातल्या पतसंस्थांना सॉफ्टवेअर शिकवतो. पगार हिंजवडीपेक्षा चार हजारांनी कमी आहे आणि कॅशियर काकू डबा देतात.

त्याचं उत्तर आलं, ‘रात्रपाळी. कुणी नसायचं.’ हे उत्तर मी धरलं नव्हतं. नोटीस पिरियडमध्ये मुलाखती देत राहा, पंचवीस पूर्ण आहेत तेव्हा फेलोशिपची जाहिरात आली की यंदाच फॉर्म भर, परीक्षा सध्या नको, असा माझा क्रम होता. त्यानं तो ऐकून घेतला आणि वाळवा तालुक्यातल्या एका मित्राच्या पोल्ट्रीचा विषय काढला.

शेड बांधायचं नाव आत्ता काढू नकोस, एवढंच सांगितलं. नोकरीचा शेवटचा दिवस झाला की तो मित्राच्या शेडवर एक अख्खी बॅच राहून काढणार आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांना रात्रभर ऊब द्यावी लागते, ब्रूडरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्रावर, लक्ष ठेवून जागायचं. पहाटे तीनला फोन कर म्हणालोय, मी उचलेन.