रिपोझिशनिंग क्रूझवरची अपग्रेडची बोली: केबिनचा वर्ग वाढला, जागा गेली

वरच्या वर्गाची केबिन मिळावी म्हणून आपण किती जास्त देऊ, हे क्रूझ कंपनीला कळवायचं, ती बोली. आम्ही ती लावली होती. निघायला तीन-चार दिवस उरले असताना ईमेल आला, ‘अभिनंदन, तुमची बोली मान्य झाली आहे.’ बिनखिडकीच्या इनसाइड केबिनची बाल्कनीवाली झाली, कार्डावरून पैसे गेले आणि मग नवा केबिन नंबर दिसला. डेक प्लॅन उघडला तर वरचा डेक आणि जहाजाचं अगदी पुढचं टोक. आमच्या यांना बोट लागते. म्हणून तर बुकिंग करताना गॅरंटी केबिनचा (वर्ग ठरलेला, नंबर मात्र कंपनी नंतर देते) स्वस्त दर सोडून, जास्तीचे पैसे मोजून, खालच्या डेकवरची बरोब्बर मधली इनसाइड नंबर पाहून घेतली होती. ती केबिन त्या एका ईमेलसरशी गेली. फोन केला तर एकच उत्तर: मान्य झालेली बोली मागे घेता येत नाही.

या गोष्टीला आता काही महिने झालेत, राग बराच निवळलाय. पण मुद्दा तसाच आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

फेरी बार्सिलोना ते मायामी, हिवाळ्याच्या तोंडावरची. हंगाम बदलला की कंपनी जहाज एका भागातून दुसऱ्या भागात हलवते, ती ही एकेरी रिपोझिशनिंग फेरी. मुलगी फ्लोरिडात असते, तेव्हा जाताना जहाज आणि येताना विमान असा हिशोब. आपल्याला जवळच्या फेऱ्या खरं तर दुबई-युरोपच्या, पण 2024 च्या सुरुवातीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक कंपन्यांनी त्या रद्द केल्या किंवा जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली. म्हणून अटलांटिक.

या फेऱ्यांबद्दल सगळीकडे ऐकायला मिळतं की जहाज अर्धं रिकामं असतं आणि अपग्रेड फुकटात पदरात पडतं. त्यावर विसंबू नका. जहाज रिकामं न्यायचं नसतं, म्हणून कंपनी दर उतरवते आणि केबिन भरतात. सगळ्यात स्वस्त इनसाइड, एकट्यांसाठीच्या केबिन आणि मोठे स्वीट आधी उडतात, कारण दरवर्षी येणारी निवृत्त अमेरिकन-युरोपियन मंडळी वर्षभर आधीच बुक करून ठेवतात. आम्ही अधूनमधून साइट बघत होतो, तेव्हा शेवटपर्यंत शिल्लक दिसत होत्या त्या मधल्या वर्गातल्या, ओशनव्ह्यू (समुद्राकडे खिडकी असलेल्या) आणि बाल्कनी. रिकामेपणा जाणवतो तो वेगळ्या कारणाने. शाळा सुरू असल्यामुळे लहान मुलं नसतात, तिसरा-चौथा बेड भिंतीत दुमडलेलाच राहतो. केबिन भरलेल्या, पण माणसं कमी. जेवणाला रांग नाही, लिफ्टसाठी थांबायला नको, हे सुख मात्र खरं.

अपग्रेडची खरी हालचाल फायनल पेमेंटच्या तारखेनंतर सुरू होते. अशा लांबच्या फेऱ्यांना ती साधारण 90 ते 120 दिवस आधी असते. तोवर ज्यांना रद्द करायचं ते करतात, मोकळ्या झालेल्या जागा बोलीला निघतात आणि उरलेल्या फटींत गॅरंटीवाले बसवले जातात. पूर्वी गॅरंटीवाल्यांना वरचा वर्ग सहज मिळून जायचा. आता त्याच जागा बोलीत विकता येतात, मग फुकट कोण देईल? आणि माझा पक्का अंदाज आहे की आमची मधली इनसाइड त्यांना पुन्हा विकायला हवी होती.

बोलीचं पान नीट बघा. एक सरकपट्टी असते, ती पुढे नेली की काटा लाल, पिवळा, हिरवा होत जातो. किती केबिन मोकळ्या आहेत, किती जणांनी बोली लावलीय, यातलं काहीच तो सांगत नाही. रक्कम मोठ्या अक्षरात आणि ‘माणशी’ बारीक अक्षरात. म्हणजे दोघांचे दुप्पट. एकट्या प्रवाशालाही बहुतेक ठिकाणी दोघांचेच भरावे लागतात. आणि केबिन पुढे, मध्ये की मागे, हे विचारायची सोयच नाही.

जेवणाच्या टेबलावर एक नागपूरचं जोडपं भेटलं. त्यांनी बोलीचा ईमेल बाजूला ठेवून सरळ एजंटला फोन केला, त्या दिवशीच्या दरातला फरक भरला आणि मधला नंबर मागून घेतला. आमच्यापेक्षा दोघांत मिळून जेमतेम 40 डॉलर जास्त. हे ऐकल्यावर मला जेवण गोड लागलं नाही.

आता चांगलं सांगते, कारण तेही तितकंच खरं आहे. बाल्कनीवर पैसे घालवणं मला आधी उधळपट्टी वाटायची. रोज नवं बंदर असलेल्या क्रूझवर अजूनही वाटते. पण इथे कॅनरी बेटं सोडली की दिवसामागून दिवस नुसतं पाणी. पश्चिमेला जाताना वारा बहुतेक मागून येतो, त्यामुळे बाल्कनीत बसवतं. डावी बाजू दक्षिणेकडे असल्याने दिवसभर ऊन. बार्सिलोना आणि मायामीच्या घड्याळांतला 6 तासांचा फरक एकेक तासाने परत मिळतो, त्या दिवशी चक्क 25 तास. सकाळी चहा घेऊन कठड्याशी उभं राहिलं की जहाजाच्या नाकाशी फुटणाऱ्या लाटेतून उडते मासे निघायचे, चांदीच्या चिमट्यांसारखे, आणि पाण्याला समांतर कितीतरी लांब जाऊन पुन्हा बुडायचे. हे दृश्य पुढच्या टोकामुळेच मिळालं, हे मान्य.

पण समुद्र उसळला त्या रात्री तेच टोक वर जाऊन खाली आपटत होतं. कपाटातले हँगर टकटक करत होते, मी त्यांच्यामध्ये टॉवेल कोंबले. हे उशी घेऊन मधल्या लॉबीत जाऊन बसले आणि पहाटेपर्यंत तिथेच होते. खाली, मध्ये, तितकं हलत नव्हतं. केबिन साफ करणारा मडगावचा मुलगा सकाळी हिरवी सफरचंदं आणि बिस्किटं घेऊन आला. म्हणाला, ‘काकी, पुढच्या केबिनवाले सगळे असेच जागे असतात.’

व्हिसाचं थोडक्यात: भारतीय पासपोर्टवर युरोपचा शेंगेन आणि अमेरिकेचा, दोन्ही हवेत. वाटेत मोरोक्कोचं बंदर असेल आणि नंतर पुन्हा स्पेनचं, तर शेंगेन मल्टिपल एंट्रीचा घ्या.

ज्यांना बोट लागत नाही त्यांनी खुशाल बोली लावावी, फक्त त्या दिवशीचा थेट फरक विचारून मगच. बाकीच्यांनी मधला ओशनव्ह्यू नंबरासकट घ्यावा आणि फायनल पेमेंटपर्यंत दर बघत राहावं. दर उतरला तर बऱ्याच कंपन्या नव्या दराने करून देतात. त्यासाठी एजंटच्या मागे लागावं लागतं.

कंपनीला मी लिहिलं. पुढच्या क्रूझवर वापरायचं एक कूपन आलं. मी परत कळवलंय की कूपन नको, बोलीच्या पानावर ‘पुढची केबिन नको’ अशी टिक करायची एक चौकट द्या. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.