थंडीचं जॅकेट: दहा दिवस अंगात, बाकी वर्षभर कपाटात

सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेलं सर्वांत कमी तापमान आहे ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ चं. म्हणजे मुंबईत राहून जाड जॅकेट घालायची वेळ जवळपास येतच नाही. ते घेतलं जातं डिसेंबरातल्या दिल्ली-मनालीसाठी, बदलीच्या गावासाठी, नाहीतर मुलगी शिकायला जर्मनीला निघाली म्हणून. सहल संपली की ते माळ्यावरच्या बॅगेत जातं. दुकानात प्रत्येक जण विचारतो, "किती अंशांपर्यंत चालेल?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. जुलैत, भिंतींना ओल आलेल्या घरात हे कसं राहील, हेही विचारायला हवं. त्या हिशेबानं पाहिलं तर थंडीच्या गावात रोज घालायला मुंबईकरानं पॉलिस्टरच्या भरणाचं, १०० जीएसएमच्या (चौरस मीटरमागे ग्रॅम) आसपासचं, टोपीवालं आणि कंबरेखाली येणारं जॅकेट घ्यावं. पिसांचं महागडं जॅकेट दिसायला कितीही देखणं असलं तरी इथल्या बहुतेक घरांना ते परवडत नाही, आणि हे पैशांबद्दल नाही.

ऊब आपल्याच अंगाची असते. जॅकेट ती अडवतं, आणि अडवायचं काम करते आत कोंडलेली हवा. भरणानं फक्त हवा जागच्या जागी धरायची आणि दाबलं तरी पुन्हा फुगायचं. हे भरण दोन जातींचं. एक म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या पोटाकडची मऊ लव, जिला बाजारात डाऊन म्हणतात. दुसरं पॉलिस्टरच्या बारीक तंतूंचं वॅडिंग. १९८३ मध्ये अमेरिकी लष्करासाठी तयार झालेलं प्रिमालॉफ्ट आणि थ्रीएमचं थिन्सुलेट ही त्यातली नावाजलेली नावं. डाऊन वजनाला हलकं, दाबलं तर पाण्याच्या बाटलीएवढं होतं, आणि कोरडं असेपर्यंत तेवढ्याच वजनाचं साधं पॉलिस्टर त्याची बरोबरी करू शकत नाही. ओलं झालं की मात्र लवेचे गोळे होतात, फुगवटा बसतो आणि अंगावर उरतात नायलॉनचे दोन थर. पॉलिस्टर पाणी फारसं पीत नाही. भिजलं तरी बऱ्यापैकी फुगलेलं राहतं आणि पंख्याखाली वाळतं.

डाऊनच्या लेबलवर '७०० फिल पॉवर', '८०० फिल पॉवर' असे आकडे मिरवतात आणि गिऱ्हाईक नेमकं तिथेच फसतं. फिल पॉवर म्हणजे एक औंस, अर्थात २८.३५ ग्रॅम, लव फुगून किती घनइंच जागा घेते ते. हा झाला लवेचा दर्जा. किती भरली आहे, हे त्यात कुठेच येत नाही. समजा, एका जॅकेटात ८०० फिल पॉवरची ६० ग्रॅम लव आहे आणि दुसऱ्यात ६०० ची १५० ग्रॅम. पहिल्याचा फुगवटा येतो साधारण २८ लिटर, दुसऱ्याचा ५२ लिटर. कागदावर कमी दर्जाचं दिसणारं जॅकेट जवळजवळ दुप्पट हवा धरतं. म्हणून ग्रॅम विचारा; लेबलवर नसतील तर कंपनीच्या संकेतस्थळावर 'फिल वेट' शोधा. सोबत ९०/१० किंवा ८०/२० असं प्रमाण दिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा लवेचा, दुसरा देठवाल्या पिसांचा. दुसरा आकडा जितका मोठा तितकी टोचणी जास्त, आणि टाक्यांतून पिसं डोकावण्याची शक्यताही. डोकावलेलं पीस ओढून काढू नये. अस्तराच्या बाजूनं चिमटीत धरून आत ओढावं आणि भोक बोटानं चोळावं. ओढून काढलं तर भोक मोठं होतं आणि मागचं पीस त्याच वाटेनं येतं.

पॉलिस्टरचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर वॅडिंगचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. नाशिक-पुण्याची पहाट किंवा महाबळेश्वर असेल तर ४० ते ६० पुरतं. खरं तर चांगली फ्लीसही चालते. दिल्ली, चंडीगड, शिमला, लंडन यांच्यासाठी ८० ते १००, आत थर्मल आणि पातळ लोकरी स्वेटर. शून्याखाली रोज फिरायचं असेल तर १३३ च्या पुढे. बरी जॅकेटं अंगाला १०० आणि बाह्यांना ६० किंवा ८० वापरतात, म्हणजे हात वळताना अडत नाही. आत सुती बनियन नको. चालून घाम आला की सूत तो धरून ठेवतं, आणि बसस्टॉपवर थांबलात की तोच घाम पाठीवर गार पडतो.

टोरंटो किंवा जानेवारीतलं लेह हा मामला वेगळा. तिथं मांड्या झाकणारा पार्का लागतो. परदेशी निघालेल्यांनी तो तिथंच घ्यावा. निवड मोठी असते आणि सामानातले दोन किलो वाचतात. इथून विमानतळ ते घर एवढ्यापुरतं मधलं जॅकेट न्यावं. मनालीला एक दिवस बर्फात लोळायचं असेल तर सोलांगच्या रस्त्यावर बर्फाचे सूट भाड्यानं मिळतात, त्यासाठी विकत काहीच घेऊ नका.

टॅगवरच्या 'उणे ५ अंश' वगैरे आकड्याबद्दल थोडं सांभाळून. स्लीपिंग बॅगसाठी आयएसओ २३५३७ हे मोजणीचं मानक आहे. दुकानातल्या साध्या जॅकेटांवरचा आकडा बहुतेक वेळा कंपनीचा स्वतःचा असतो, आणि त्यात आत दोन थर घातलेत, माणूस चालतोय, असं गृहीत असतं. पार्कच्या बाकावर बसलेल्या आजोबांसाठी तो आकडा नाही. एकाच कंपनीची दोन जॅकेटं ताडून बघायला तो उपयोगी पडतो. दोन कंपन्यांमध्ये त्याला अर्थ उरत नाही.

आता दुकानातली तपासणी. सगळ्यात आधी आतल्या शिवणीतलं लेबल वाचा. तिथं बाहेरचं कापड, अस्तर आणि भरण अशा तीन वेगळ्या ओळी हव्यात. भरणासमोर 'पॉलिस्टर १०० टक्के' लिहिलेलं असताना विक्रेता "डाऊन आहे" म्हणत असेल तर पुढचं संभाषण वाचलं. 'डाऊन अल्टरनेटिव्ह', 'डाऊनसारखा स्पर्श' हे सगळं पॉलिस्टरच. मग जॅकेटाचा एक कप्पा मुठीत दहा सेकंद दाबून सोडा. लगेच फुगला तर ठीक. चुरगळलेलाच राहिला तर भरण दुय्यम आहे. त्यानंतर जॅकेट उघडून ट्यूबलाइटसमोर धरा. खांद्याच्या रेषेवर आणि काखेजवळ उजेड आरपार दिसतो का बघा. स्वस्त मालात वॅडिंग नीट धरून शिवलेलं नसतं. दोन धुण्यांत ते खाली सरकतं, खांदे रिकामे आणि पोटाशी गोळा. शेवटी कापडाला ओठ लावून जोरात फुंका. फुंकर पलीकडच्या तळव्याला लागली तर स्कूटरवरचा वाराही लागणार. टाक्यांच्या आडव्या रेषा जितक्या जवळजवळ तितक्या वारा शिरायच्या जागा जास्त, म्हणून बारीक रेषांची जॅकेटं फोटोत छान आणि बाइकवर गार.

घालून बघताना आत स्वेटर हवाच, ऑक्टोबरच्या उकाड्यात कितीही जिवावर आलं तरी. दोन्ही हात वर करा: कंबर उघडी पडली तर आखूड. बाह्या मनगटाचं हाड ओलांडून अंगठ्याच्या मुळापर्यंत याव्यात. खांद्यात घट्ट बसलं तर तिथलं भरण दाबलं जातं आणि नेमकी तीच जागा थंड पडते.

चेन हा जॅकेटाचा सगळ्यात आधी मरणारा अवयव. रनरच्या मागं आकडा कोरलेला असतो. ५ नंबर रोजच्या जॅकेटाला ठीक, लांब पार्क्याला ८ बरा. वायकेके या नावाजलेल्या जपानी कंपनीची चेन असेल तर जॅकेटाच्या बाकी कामातही कंजुषी झालेली नसण्याची शक्यता वाढते, पण एवढ्यावर भरवसा टाकू नका. चेनीच्या मागं कापडाची पट्टी हवीच, नाहीतर छातीच्या मधोमध वाऱ्याला सरळ दार. वर हनुवटीशी चेन झाकणारं कापड हवं; थंडीत धातू त्वचेला लागला की कळतं का ते. चेन लावूनही दात मागं उघडे राहायला लागले तर बहुतेकदा दात शाबूत असतात, रनर सैल झालेला असतो. स्टेशनबाहेरचा बॅगा दुरुस्त करणारा तो बदलून देतो. त्यासाठी जॅकेट टाकायचं नसतं.

कुठे घ्यायचं? आझाद मैदानाशेजारच्या फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून मिळणारं पफर, म्हणजे फुगीर कप्प्यांचं जॅकेट, एका सहलीसाठी वाईट नाही. तिथं एक्स्पोर्टचा माल असतो, पण अमेरिकी मापाचा 'एम' आपल्या 'एल'एवढा निघू शकतो. टॅगवर न जाता घालून बघा. तिथल्या डाऊनवर मात्र विश्वास नको, पॉलिस्टरच घ्या. डिकॅथलॉनमध्ये ट्रेकिंगचा विभाग असल्यामुळे मे महिन्यात लडाखला निघालेल्यालाही काहीतरी हाताला लागतं, आणि टॅगवर माहिती बऱ्यापैकी असते. युनिक्लो मुंबईत २०२३ मध्ये कुर्ल्याच्या फिनिक्समध्ये आलं. त्यांचं अल्ट्रा लाइट डाऊन कोटाखाली घालायला, ऑफिसात खुर्चीला टांगायला उत्तम, पण दिल्लीच्या जानेवारीत रात्री एकटं पुरं पडणार नाही. त्यांचंच पॉलिस्टर भरणाचं पफटेक मुंबईच्या घराला जास्त मानवेल. किमतीत एक बारकावा: २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावर गेलं की १८ टक्के जीएसटी आहे. छापील किमतीत तो धरलेला असतो. कुणी "वर जीएसटी" म्हणालं तर मान हलवायच्या आधी हिशेब करा.

रेक्झिनसारखं चकचकीत किंवा आतून रबरी लेप दिलेलं स्वस्त 'वॉटरप्रूफ' जॅकेट टाळा, कारण पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत हळूहळू तुटतो. दोन-तीन पावसाळ्यांनी आतून पापुद्रे सुटतात आणि आंबूस वास येतो. त्यावर इलाज नाही. थंडीच्या गावात रोजच्याला वरून पाणी ओघळून जाईल एवढी फवारणी पुरते. धो-धो पावसासाठी वेगळं पातळ जर्किन ठेवा.

सहलीहून आल्यावर न धुता ठेवू नका. कॉलरचं तेल आणि घाम हाच बुरशीचा खुराक. सगळ्या चेनी लावा, जॅकेट उलटं करा, ३० अंशांवर हलक्या फेरीत, द्रव साबण नेहमीच्या निम्मा, खळबळणं दोनदा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, तो वरच्या फवारणीची वाट लावतो. पिळायचं नाही. पॉलिस्टर जानेवारीत सावलीत साधारण दिवसभरात सुकतं. डाऊन ड्रायरमध्ये कमी आचेवर, दोन-तीन टेनिसचे चेंडू टाकून, दोन-तीन तास फिरवावं लागतं. ड्रायर नसेल तर ते दोरीवर दिवसचे दिवस आतून ओलं राहतं, वरून कोरडं लागतं आणि मग कुबट वास धरतं. मुंबईत डाऊन खराब होण्याचं मोठं कारण हेच.

ठेवताना व्हॅक्यूमची पिशवी नको, अकरा महिने दाबलेलं भरण पुन्हा पूर्ण फुगत नाही. प्लॅस्टिकचं कव्हरही नको. रुंद हँगरवर टांगून वर जुन्या सुती चादरीचा खोळ घाला आणि खिशात सिलिका जेलच्या पुड्या टाका. पॉलिस्टरला कसर लागत नाही, त्यामुळे डांबरगोळ्यांची गरज नाही. त्यांचा वास मात्र पुढच्या सहलीत विमानात शेजाऱ्यालाही येतो. गणपतीनंतर ऊन पडलं की एकदा बाहेर काढून झटका. आणि हे सगळं करून जॅकेट इस्त्रीवाल्याच्या गाठोड्यात जाणार नाही एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा. बाहेरचं पातळ नायलॉन गरम इस्त्रीखाली दुधाच्या पिशवीसारखं आकसतं.